तांबूचा बिनसारणाचा मोदक

गणपतीला महिना उरला की आमच्या घरात वही निघते. मोदकाचे तांदूळ धुऊन-वाळवून दळायला केव्हा द्यायचे, नारळ किती सोलून ठेवायचे, मुंबईहून कोण कोणत्या गाडीने येणार, कुणाची अंथरुणं कुठे घालायची, अशी सगळी यादी त्या वहीत होते. तुमच्याही घरी थोडीफार अशीच वही असणार. आमच्या यादीत मात्र गेल्या दोन वर्षांपासून शेवटी एक ओळ जास्तीची असते : 'तांबूचं काय?' ही ओळ माझ्या अक्षरात नाही. सासूबाईंनी सांगून ती माझ्या मुलीकडून लिहून घेतलेली आहे. ती तिथे कशी आली, तेच आज सांगणार आहे. सणाच्या दिवसांत घरच्या कुत्र्याला बांधून ठेवावं की मोकळं सोडावं, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकींना पडत असेल. त्याचं उत्तरही ओघाने येईल.

तांबू हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी, रंग नावाप्रमाणे. पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तिथे टेकडीवर लहानसा किल्ला आहे. त्या किल्ल्याच्या वाटेवर एका पावसाळ्यात तो माझ्या मुलांना सापडला. एवढंसं भिजलेलं पिल्लू. 'दोन दिवस राहू दे,' असं मी म्हटलं आणि तो राहिला तो राहिलाच. वर्षभर आम्ही घरात पाच माणसं. सासूबाई, हे, मी आणि दोन मुलं. सकाळी माझी घाई, कारण दुपारपर्यंत मला शाळेत शिकवायला जायचं असतं. तांबूला उरलासुरला भात, कधी माशाचं डोकं, संध्याकाळी पडवीत गोणपाटावर झोप. त्याचं आयुष्य तसं सरळ मार्गाचं होतं.

गणपतीत मात्र आमच्या घरी बावीस माणसं होतात. भाऊजी, जाऊबाई, वन्सं, त्यांची मुलं, कोण ना कोण. तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी रात्री आरती झाली, खिरापत वाटून झाली. भाऊजींचा धाकटा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तांबूला कुणीच प्रसाद दिला नाही, हे त्याच्या मनाला लागलं. त्याने उरलेल्या खिरापतीचं भांडं गुपचूप पडवीत नेलं आणि तांबूपुढे ठेवलं. ते पाहून सगळ्यांनी कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, मीही केलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, लेकराला कळतं, मोठ्यांना कळत नाही."

पहाटे तांबूला उलट्या सुरू झाल्या. सणात कुत्र्याचं पोट बिघडायचंच, असं म्हणून मी ओव्याचं पाणी दिलं आणि कामाला लागले. गौरी यायच्या होत्या, घरात उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तो उठेचना. तेव्हा ह्यांनी शेजारची गाडी मागितली आणि आम्ही त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याने काय खाल्लंय?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी फोन केला. एकीने करंजी दिली होती, एकाने वडा दिला होता, कुणी चॉकलेट, कुणी पुरी. प्रत्येकाने प्रेमाने 'थोडंसंच' दिलं होतं. शेवटी पुतण्याने रडत रडत खिरापतीचं भांडं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "त्यात बेदाणे होते का?" होते. आमच्याकडे खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस अशी पाच 'ख'ची खिरापत असते, आणि जाऊबाईंनी मुंबईहून आणलेले बेदाणे मी स्वतः सढळ हाताने घातले होते.

बेदाणे, मनुका, द्राक्षं ही कुत्र्याला विषारी असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बी. ए. झालेली बाई मी, मुलांना शिकवते, पण हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. डॉक्टरांनाही ही माहिती फार जुनी नाही. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं, की मनुका किंवा द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होत आहेत. कारण मात्र बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ मध्ये तिथल्याच काही पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. कुत्र्याने किती बेदाणे खाल्ले तर चालतील, याचं खात्रीचं माप नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडे बाधतात. म्हणून एकही देऊ नये, हेच खरं.

चार दिवस सलाइन, रक्ताच्या तपासण्या, रत्नागिरीच्या खेपा. गौरीपूजनाच्या दिवशी हे दवाखान्यात आणि मी घरी वडे तळत होते; मन कुठे होतं ते विचारू नका. त्याचं दैव बलवत्तर म्हणून तांबू वाचला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "खाल्ल्यावर तास-दोन तासांत आणला असता तर ओकवून टाकलं असतं आणि एवढं झालंच नसतं."

घरी दोघंजण गप्प होते. एक पुतण्या, आपण तांबूला मारत होतो, असं त्याने मनाला लावून घेतलं होतं. आणि दुसऱ्या सासूबाई. मी त्यांना बेदाण्यांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, देवाचा प्रसाद विष कसा होईल?" त्यावर मी काय बोलणार? पुढे दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

फळ्यावरची यादी

शाळा उघडल्यावर मी वर्गात मुलांना विचारलं, "गणपतीत तुम्ही आपल्या कुत्र्याला काय काय खायला घातलंत?" मुलं सांगत गेली, मी फळ्यावर लिहीत गेले. फळा भरला. मग डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आठवून आम्ही एकेक पदार्थ तपासला. ती यादी तुमच्याही उपयोगाची आहे.

खिरापत, बेदाणे घातलेला शिरा, श्रीखंड, खीर : बेदाण्यामुळे वर्ज्य. शिऱ्यातून बेदाणे वेचून देऊ नका. एखादा राहतोच.

चॉकलेट : त्यातलं थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाला पचतं, कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडतं. छातीचे ठोके वाढतात, झटके येतात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं वाईट. पाहुण्यांच्या पिशव्यांत बिनसाखरेचं च्युइंग गम असतं, त्यात बहुधा झायलिटॉल घातलेलं असतं. ते तर चॉकलेटपेक्षा भयंकर. अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. पाहुण्यांच्या पिशव्या खुंटीला, जमिनीवर नाहीत.

कांदा-लसणाचं वाटण : आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण-वडे होतात आणि रश्शाचा भात कुत्र्याला घालणं ही जुनी रीत. पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. आणि त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. तोवर आपण रस्सा विसरलेलो असतो.

शिजलेली हाडं : कच्च्या हाडापेक्षा शिजलेलं हाड घातक. ते सुईसारखं टोकदार मोडतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. कोंबडीची हाडं विशेष. उष्ट्या पत्रावळी झाकणाच्या डब्यात टाका.

तळण आणि खोबरं : हे विष नव्हे, पण एकदम पोटभर तेलकट खाल्लं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. मोदकाच्या सारणाचं तेच. चव म्हणून चिमूटभर निराळं, वाटीभर निराळं.

मग द्यावं काय? मऊ भात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी हाड काढून, काटे काढलेला उकडलेला मासा, लाल भोपळ्याची उकडलेली फोड, केळ्याचा तुकडा. गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे तवशी भरपूर होतात. तवशाच्या फोडी तांबू चवीने खातो.

ओटीवरची फुलं आणि देवापुढचं सामान

गौरीला आपण कळलावीची लालपिवळी फुलं आणतो. आपल्या भागात त्यांना 'गौरीचे हात' म्हणतात. दिसायला इतकं सुंदर फूल क्वचित असेल, पण त्या झाडात कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं आणि कंदातही ते असतं. मुलं रानातून वेल कंदासकट उपटून आणतात आणि ओटीवर टाकतात. कण्हेरीचंही तसंच, तिचं विष हृदयावर जातं. सजावट करा, जरूर करा. फक्त फुलं आणली की उंचावर ठेवा, आणि निर्माल्य उघड्या टोपलीत दारात नको. हे लहान मुलांसाठीसुद्धा तितकंच खरं आहे.

कापराची डबी बंद असावी. कापूर पोटात गेला तर कुत्र्याला झटके येतात. निरांजन आणि समई शेपटीच्या उंचीवर नको. रोषणाईच्या तारा भिंतीच्या कडेने वर बांधून घ्या. पिल्लू असेल तर ते त्या तारा चावल्याशिवाय राहणार नाही.

आवाज

आरतीच्या झांजा, जाखडीचा ढोल, विसर्जनाचे फटाके. आपल्याला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपण 'जरा मोठा' म्हणतो तो आवाज त्याच्या कानाला कसा वाटत असेल? फटाक्याच्या आवाजाला कायद्याने मर्यादा आहे : चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा एवढीच वेळ घालून दिली. तरी वाजणारे वाजवतात, म्हणून सोय आपण करायची.

आता बांधावं की सोडावं? दोन्ही नको. दारात बांधलेला कुत्रा घाबरला की दोरीला हिसके देतो, गळ्याला फास बसतो. मोकळा सोडला तर वाट फुटेल तिकडे पळतो. आमच्या बाजूला रात्री रानात पळालेल्या कुत्र्याला बिबट्याची भीती असते, हे कोकणातल्या बायकांना मी सांगायला नको. म्हणून आतली एक खोली. तांबूसाठी आम्ही बाळंतिणीची जुनी खोली ठेवली आहे. खिडक्या बंद, पंखा चालू, रेडिओ हलक्या आवाजात, खाली माझं जुनं नेसूचं लुगडं, पाण्याचं भांडं. पण सणाच्या दिवशी एकदम कोंडू नका. त्याला ती शिक्षा वाटते. आठ-दहा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ तिथेच जेवू घालावं, म्हणजे ती जागा त्याची होते. अंधार पडायच्या आत फिरवून आणावं. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा. आणि तो थरथरत असेल तर जवळ घ्या, थोपटा. 'लाडावेल', 'भित्रा होईल' असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

मुलं

मुंबईची मुलं वर्षातून एकदा येतात, त्यांना कुत्र्याला मिठी मारायची असते. चूक त्यांची नाही. त्यांना आल्या दिवशीच बसवून सांगा : जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, शेपूट ओढायची नाही, तो उठून दुसरीकडे गेला तर मागे जायचं नाही. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, शेपूट पायांत घेतो, ते 'पुरे' असं सांगणं असतं. गुरगुरतो ती शेवटची सूचना. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. मारलेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरताच चावतो.

सणाआधी त्याची रेबीजची लस झालेली हवी. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला असतो, २००७ पासून तो पाळतात. आपले गणपती-नवरात्र बहुधा त्याच्याच आसपास येतात, म्हणून मी लसीची खूणगाठ गणपतीशीच बांधली आहे. आणि कुठल्याही कुत्र्याने, अगदी घरच्यानेही, चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र. सण आहे म्हणून उद्यावर टाकू नका. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज नाही.

कुत्र्याने भलतंसलतं खाल्लं तर काय खाल्लं, किती, केव्हा, ते कागदावर लिहा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. त्या मिठानेच जिवावर बेतू शकतं. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, त्याला देऊ नका. जवळच्या पशुवैद्याचा नंबर भिंतीवर लावून ठेवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट फोनचा क्रमांकही आहे. मुख्यतः गुरांसाठी असला, तरी सल्ला विचारायला हरकत नाही.

त्याचं पान

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, एवढ्या 'नको'च्या यादीत सण कुठे राहिला? मलाही तसंच वाटलं होतं. उत्तर सासूबाईंनी दिलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सकाळी आम्ही मोदक वळत होतो. सासूबाई पारी करत होत्या. एका पारीत त्यांनी सारण भरलंच नाही. तशीच मिटली, चुण्या घातल्या आणि बाजूला केळीच्या पानावर ठेवली. म्हटलं, "आई, सारण राहिलं." तर म्हणाल्या, "राहिलं नाही. हा तांबूचा." मग म्हणाल्या, "गाईचं पान वेगळं काढतो, कावळ्याचं वेगळं काढतो. तसं याचंही काढायचं. सगळ्यांच्या पानातलं त्याला कशाला?"

खरंच, आपल्या रीतीत हे होतंच. पितृपक्षात गाय, कुत्रा, कावळा यांचे घास निघतात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. शेजारच्या नेपाळात तर आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून, झेंडूची माळ घालून गोडधोड खायला घालतात. मान द्यायचा तर तो वेगळा पान मांडून द्यायचा. बावीस हातांनी बावीस घास घालणं म्हणजे मान नव्हे. त्यात कुणी काय घातलं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून आमच्या घरी आता एकच नियम आहे. सणात तांबूला खायला देणारा हात एकच. बाकी कुणीही काही द्यायचं नाही, वाटलं तर त्या हातात आणून द्यायचं. तो हात कुणाचा, हेही सासूबाईंनीच ठरवलं. पुतण्या आला तसा त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तांबूचा कारभारी तू."

पोरगा आता नऊ वर्षांचा होईल. आरती संपली की केळीच्या पानावर मऊ भात, तवशाच्या दोन फोडी आणि तो बिनसारणाचा मोदक घेऊन आतल्या खोलीत जातो. कुणी मध्येच करंजी पुढे केली तर हात आडवा करून म्हणतो, "त्याचं पान झालंय." तांबू मोदक एका घासात गिळतो, त्याला सारणाची उणीव भासत नाही.

तुमच्याही वहीत यंदा ती ओळ लिहा, मैत्रिणींनो. आणि पारी वळताना एक रिकामी ठेवायला विसरू नका.